असतोच, असावा

दोक्कुमच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
तीन मंगळवार आम्ही एकाच शब्दावर बसून होतो :
कबर.

मला नाइमेखेनहून बोलावलं होतं चौकोन काढायला.
चौकोन म्हणजे गोष्ट, रेघ म्हणजे नातं,
रेघेच्या टोकाला टिंब असलं तर नातं सक्तीचं.
हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं
आणि तिथंच चुकले,
कारण 'नातं' म्हटल्यावर दाउत्सन म्हणाली, कुणाचं?

दाउत्सन हिशेबखात्यातली. तिच्या लेखी कबर म्हणजे करार :
वीस वर्षं, मग दहा, मग पुन्हा दहा, पैसे आगाऊ.
वीब्रेन एकतीस वर्षं खणतोय. त्याच्या लेखी कबर म्हणजे खड्डा,
वर काळी माती, खाली निळसर चिकण,
आणि हाव धरली तर पाणी.
पाथरवटाच्या पावत्यांत कबर म्हणजे दगड.
जुन्या संगणकात कबर म्हणजे एक ओळ,
जिच्या 'टीप' नावाच्या रकान्यात
कुणीतरी बारा वर्षं मिळेल ते कोंबलं होतं :
कुंपण मोडलं. मुलीशी बोलू नये. खाली दोघे, बहुधा तिघे.

तिघे?
"एकावर एक," वीब्रेन म्हणाला. "जागा कमी, माणसं जास्त."
मग कबर एक की तीन?
मी 'थर' नावाचा नवा चौकोन काढला.
आणि राखून ठेवलेली रिकामी जागा, ती कबर का?
दाउत्सन : हो. पैसे आलेत.
वीब्रेन : नाही. गवत आहे.

शब्दांचा कीस पडत गेला, टेबलाखाली साठत गेला.
'मालक' खोडला, 'धारक' लिहिला;
धारक तर दगड तोलणाऱ्या लोखंडी पट्टीलाही म्हणत होते.
'हक्कदार', पण हक्क कशावर, जागेवर की माणसावर?
'मयत' हा प्रकार की भूमिका?
भूमिका, मी म्हणाले; माणूस तोच, फक्त तो आता
आणि वाक्याला क्रियापद मिळेना.

कारण हक्कदारही मरतो.
मरतो आणि कधी कधी त्याच कबरीत, वरच्या थरात येतो,
आणि माझ्या आकृतीतली एक रेघ वळून
निघाली त्याच चौकोनात शिरते.

तिसऱ्या मंगळवारी नियमांवर आलो.
मी लिहिलं : प्रत्येक कबरीला एक हक्कदार असतोच.
माना डोलल्या. कॉफी आली.
"क एकशे सतराला नाही," वीब्रेन म्हणाला.
मग ती कबर नाही,
मी म्हणाले, आकृतीच्या वतीनं, अगदी सहज.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे,
उतारावर हातगाडी सुटलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
"मी खणलीय ती."

'असतोच' पुसलं. 'असावा' लिहिलं.
धातू तोच, शेपूट वेगळं.
पण पहिलं जगाबद्दल बोलतं, ते मोडता येत नाही;
मोडलेलं दिसलं तर आपलंच बघणं चुकलं म्हणायचं.
दुसरं आपल्याबद्दल. ते मोडतं.
माणसं घर बदलतात, पत्रं परत येतात,
खुंटीवरची पिवळी चिठ्ठी दोन हिवाळे भिजते,
कबर तरीही कबर असते.

"नियमानं उपसायची," दाउत्सन म्हणाली, हळूच.
वीब्रेन खिडकीकडे बघून :
"दर ऑक्टोबरात कुणीतरी सायकल टेकवून तिथं उभं राहतं.
नाव विचारलेलं नाही."

मी मार्कर उचलला.
आप्त? अभ्यागत? संबंधित व्यक्ती?
टोपण परत बसवलं.

चौदावी आवृत्ती लॅमिनेट करून सगळ्यांना वाटली.
मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा वीब्रेन शेवाळ खरवडत होता,
ओल्या गवतावर, गुडघ्यांखाली माझी आकृती अंथरून.
"कामाची आहे," तो म्हणाला
आणि जरा सरकला,
'थर'वरून 'करार'वर.